कुटुंबाचे उत्पन्न आणि पक्षाघात: फरक नेमका कुठे पडतो?

मानसी, मानपाडा (ठाणे)

मध्यंतरी एक बातमी वाचली. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी पक्षाघात झालेल्या सुमारे 6,900 रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा ज्यांचे उत्पन्न चांगले होते त्यांच्यात झटक्यानंतरच्या मृत्यूचा धोका 32 टक्क्यांनी कमी आढळला, असे त्यात म्हटले होते. बातमीचा मथळा मात्र ‘गरिबांना स्ट्रोकचा धोका अधिक’ असा होता. मी हिशेबनीस आहे आणि वैद्यकाशी माझा संबंध आईच्या गोळ्या आणून देण्यापुरताच येतो, म्हणून येथील जाणकारांना विचारते आहे.

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या संकुलात ज्यांना अर्धांगवायूचा झटका आल्याचे मला ठाऊक आहे, ते सगळे सुखवस्तू घरांतले आहेत: एक निवृत्त बँक अधिकारी, एक बांधकाम व्यावसायिक आणि संगणक क्षेत्रात काम करणारा, चाळिशीही न गाठलेला एक तरुण. त्यामुळे हा बसून काम करणाऱ्यांचा आणि खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांचा आजार आहे, अशीच आमच्याकडे सर्वांची समजूत आहे. पण याच वर्षी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या यजमानांची उजवी बाजू गेली. ते लोकमान्यनगरला राहतात, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होते आणि त्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे. रक्तदाब असल्याचे त्यांना आधीच कळले होते. गोळ्या काही महिने घेतल्या आणि बरे वाटते म्हणून सोडून दिल्या.

कमी उत्पन्न हे स्वतःच धोक्याचे कारण मानायचे, की त्याच्याबरोबर येणाऱ्या इतर गोष्टी खरे कारण असतात? ज्या देशात उपचारांचा बहुतेक खर्च सरकार उचलते, तिथेही हा फरक दिसत असेल, तर आपल्याकडे तो कोणत्या टप्प्यावर पडतो: आजार होण्याच्या आधी, झटका आल्यावर, की रुग्ण घरी आल्यावर?

फिजिशियन, वाशी

मानसीताई, फरक तुम्ही सांगितलेल्या तिन्ही टप्प्यांवर पडतो. मात्र माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान पहिल्या टप्प्यात होते आणि नेमके त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

पक्षाघाताची कारणे आता फारशी गूढ राहिलेली नाहीत. 32 देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासाचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनुसार पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे 90 टक्के धोका बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी जोडलेला आहे. त्यांत उच्च रक्तदाबाचा वाटा एकट्याने जवळजवळ निम्मा आहे. धूम्रपान, मधुमेह, आहार, व्यायामाचा अभाव, मद्यपान, हृदयविकार, मानसिक ताण हे बाकीच्यांपैकी काही. ही यादी वाचली की कोणालाही वाटेल की यातले बरेच घटक सुखवस्तू घरांतच अधिक असणार, आणि तुमच्या संकुलातली समजूत याच वाटण्यावर उभी आहे.

या समजुतीला मोठा धक्का दिला तो ‘प्युअर’ या अभ्यासाने. श्रीमंत, मध्यम उत्पन्नाचे आणि गरीब अशा 17 देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. गरीब देशांच्या गटात भारतही होता. 2014 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार धोक्याच्या घटकांचे ओझे श्रीमंत देशांत सर्वांत जास्त आणि गरीब देशांत सर्वांत कमी होते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदय निकामी होणे या गंभीर घटनांचे प्रमाण मात्र बरोबर उलटे निघाले. हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार लोकांवर वर्षभर लक्ष ठेवले तर) श्रीमंत देशांत ते 3.99, मध्यम उत्पन्नाच्या देशांत 5.38 आणि गरीब देशांत 6.43 होते. म्हणजे धोका अंगावर असूनही एका ठिकाणचा माणूस सावरला जातो आणि कमी धोका असूनही दुसऱ्या ठिकाणचा कोसळतो. काळाच्या ओघातही हेच दिसते. 1970 ते 2008 या काळात श्रीमंत देशांत पक्षाघाताचे प्रमाण 42 टक्क्यांनी घटले, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते दुपटीहून अधिक झाले.

हे कसे घडते, ते दवाखान्यात रोज दिसते. रक्तदाब दुखत नाही. ज्याचे महिन्याचे उत्पन्न ठरलेले आहे तो माणूस न दुखणाऱ्या आजारासाठीही वर्षानुवर्षे तपासणीला येतो, कारण त्या अर्ध्या दिवसाचा पगार कापला जात नाही. रोजंदारीवरच्या माणसाला मात्र प्रत्येक तपासणीचा एक खाडा पडतो, आणि गोळीपेक्षा हा खाडाच महाग असतो. अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी सरकारी दवाखान्यात मोफत आणि जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते, तरीही ती सुटते, त्याचे एक कारण हे आहे. वरचा रक्तदाब 10 अंकांनी खाली आणून तो तसाच टिकवला, तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी घटतो, असे मोठ्या एकत्रित विश्लेषणांत दिसून आले आहे. काही महिने गोळ्या घेऊन त्या सोडणाऱ्याच्या वाट्याला हा फायदा येत नाही. तुमच्या स्वयंपाकाच्या ताईंच्या यजमानांची हकीकत मला म्हणूनच अपवादात्मक वाटत नाही.

दुसऱ्या टप्प्याविषयी थोडक्यात सांगतो. मेंदूची रक्तवाहिनी गाठीमुळे बंद झाली असेल, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात असा हिशेब मांडला गेला आहे. गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री पटल्यावरच. तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर थेट 108 ला दूरध्वनी करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. नाक्यावरच्या दवाखान्यात ‘आधी दाखवून येऊ’ म्हणून गेलेला तास परत मिळत नाही.

नौपाड्यातील एक ज्येष्ठ

डॉक्टरांचे आकडे वाचले. तरीही जन्मभर पाहिलेले विसरता येत नाही. आमच्या तरुणपणी मेहनतीची कामे करणाऱ्या माणसांना लकवा मारल्याचे क्वचितच ऐकू येई. घरात चार पैसे आले, दारात गाडी आली, पायी चालणे बंद झाले आणि मग हे आजार आले. माझ्या ओळखीतल्या ज्यांना झटका आला त्यांच्यात गरीब म्हणावा असा एकही नाही. तेव्हा गरिबी हे कारण असेल, तर ते आमच्या डोळ्यांना कसे दिसले नाही?

संख्याशास्त्राची प्राध्यापिका, ठाणे

काकांच्या आक्षेपाचे आणि मानसींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर काही अंशी एकच आहे, म्हणून दोन्ही एकत्र घेते.

आपल्या ओळखीतली माणसे बहुधा आपल्याच उत्पन्नगटातली असतात. सुखवस्तू संकुलात ज्यांना झटका आला ते सुखवस्तूच असणार. त्यावरून दोन गटांची तुलना होऊ शकत नाही, कारण दुसरा गट त्या मोजणीत आलेलाच नाही. शिवाय निदान होण्यासाठीही पैसे लागतात. ज्याचा स्कॅन झाला त्याचा आजार ‘स्ट्रोक’ म्हणून कुटुंबाच्या आठवणीत राहतो. जो गावी नेला गेला आणि तिथेच गेला, त्याच्याविषयी ‘अचानक गेला’ एवढेच बोलले जाते. काकांच्या तरुणपणाबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पक्षाघाताचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो आणि ज्या काळात कष्टकरी माणसे मुळातच कमी जगत, त्या काळात त्यांच्यातल्या अनेकांना हा आजार होण्याचे वयच येत नसे. त्यामुळे वयाचा हिशेब न करता काढलेला कोणताही निष्कर्ष इथे फसवा ठरतो. काकांचे निरीक्षण मात्र मी पूर्णपणे बाजूला टाकणार नाही. बैठे काम, वजन आणि मधुमेह आधी वरच्या थरात वाढतात आणि मग खाली झिरपतात, हे अनेक देशांत घडले आहे, आणि आपल्याकडे हे संक्रमण अजून चालू आहे.

आता बातमीविषयी. स्वीडनचा अभ्यास पक्षाघात झाल्यानंतरच्या मृत्यूंचा आहे, पक्षाघात कोणाला होतो याचा नाही. मथळ्याने दोन्ही एकत्र करून टाकले. शिवाय 32 टक्के हा आकडा सापेक्ष आहे. समजा, कमी उत्पन्नाच्या गटात ठराविक काळात शंभरांपैकी 20 रुग्ण दगावले, तर चांगल्या उत्पन्नाच्या गटात ते साधारण 13 ते 14 असतील. फरक मोठा आहे, पण मथळा वाचून मनात उभे राहते तेवढे टोकाचे चित्र त्यातून तयार होत नाही.

कार्यकारणाची गाठ सोडवणे याहून अवघड आहे. पक्षाघात झालेल्या माणसाचे उत्पन्न कमी असते, ते कधीकधी पक्षाघातामुळेच कमी झालेले असते. म्हणून चांगले अभ्यास झटक्याच्या आधीचे उत्पन्न धरतात. निवृत्त माणसाचे चालू उत्पन्न त्याच्या आयुष्यभराच्या स्थितीविषयी फारसे काही सांगत नाही. आपल्याकडे तर ‘कुटुंबाचे उत्पन्न’ ही गोष्टच मोजायला कठीण आहे. एका घरात चार कमावते आणि नऊ खाणारे, गावाकडे पाठवायचे पैसे वेगळे, आणि शिधापत्रिकेच्या रंगावरून अंदाज करावा तर केशरी पत्रिकेची वार्षिक एक लाखाची मर्यादा आजच्या ठाण्यात कोणत्या वास्तवाला धरून आहे, हा प्रश्नच पडतो.

‘प्युअर’च्याच चमूने 2019 मध्ये उत्पन्नाऐवजी घरातील मालमत्ता आणि शिक्षण या दोन कसोट्या लावून पाहिल्या. हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांशी आणि मृत्यूशी शिक्षणाचा संबंध मालमत्तेपेक्षा अधिक ठळक निघाला. गरीब देशांतील कमी शिकलेल्यांच्या अंगावर धोक्याचे घटक कमी होते, तरीही त्यांच्यातच या घटना अधिक घडल्या आणि त्यांना मिळणारे उपचारही बरेच निकृष्ट होते. म्हणून ‘उत्पन्न वाढले की धोका घटेल’ असे सरळ समीकरण मांडण्याचे धाडस मी करणार नाही.

तरीही सगळे शेवटी उपचारांवरच येऊन थांबते, असेही नाही. ब्रिटनमध्ये 1967 मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातील सर्वजण लंडनमधले सरकारी नोकर होते; त्यांच्यात कोणी बेकार नव्हता आणि सार्वजनिक आरोग्यसेवा सर्वांनाच खुली होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरेंचा हिशेब करूनही हा फरक पूर्णपणे मिटला नाही. तो अभ्यास मुख्यतः हृदयविकाराचा होता, त्यामुळे तो पक्षाघाताला जसाच्या तसा लावू नये. पण कामावर आपला ताबा किती आहे, हा प्रश्न त्यातून पुढे आला, तो आपल्या चर्चेलाही लागू आहे.

परिचारिका, दिघा (नवी मुंबई)

शिक्षणाविषयीचा मुद्दा अभ्यास म्हणून मला मान्य आहे, पण तो वाचून ‘या लोकांना समजावून सांगायला हवे’ असा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून लिहिते. मी अनेक वर्षे वस्त्यांमध्ये रक्तदाब तपासण्याचे काम केले आहे. दहावी नापास झालेल्या बायकांनाही गोळी रोज घ्यायची असते हे पक्के माहीत असते. माहिती असूनही गोळी सुटते, ती बहुतेक वेळा वेळेच्या गणितामुळे. सकाळच्या ओपीडीच्या वेळेत त्या तीन घरची भांडी घासत असतात आणि पुरुष रबाळ्याच्या कंपनीत पाळीवर असतात. गावी गेले की महिनाभराची गोळी संपते आणि तिथे नवी चिठ्ठी लागते. दुपारपासून रात्रीपर्यंत चालणारे ‘आपला दवाखाना’ मला म्हणूनच फार उपयोगाचे वाटतात. पोस्टर लावण्यापेक्षा दवाखान्याची वेळ बदलल्याने अधिक गोळ्या पोटात जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाच्या तासांचा उल्लेख वर कोणी केला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून केलेल्या विश्लेषणात, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त आढळला. आपल्याकडचा सुरक्षारक्षक बारा तासांच्या सहा पाळ्या करतो, म्हणजे 72 तास. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात रात्री गाड्या लागतात, माल उतरवणाऱ्यांची झोप दिवसा, पत्र्याखाली आणि जमेल तेवढी होते. ज्या घरात हे तास भरल्याशिवाय भाडे निघत नाही, तिथे ‘ताण कमी करा’ हा सल्ला देताना माझी मलाच लाज वाटते.

आणि तंबाखू. वस्त्यांमध्ये विडी-सिगारेटपेक्षा मळलेली तंबाखू आणि बायकांची मिश्री यांचेच प्रमाण जास्त दिसते, पण तपासणीच्या कागदावर ‘धूम्रपान करता का?’ एवढेच विचारलेले असते आणि उत्तर ‘नाही’ असे येते. मिश्रीविषयी विचारायचे राहूनच जाते. रिकाम्या पोटी ड्युटी करताना भूक मारण्यासाठी तंबाखूची गोळी लावणारे पुष्कळ आहेत.

झटका आल्यावरचा वेळ कसा जातो, तेही सांगते. आधी मालिश होते, कोणीतरी कबुतराचे रक्त चोळायला सांगते, मग लकव्याचे औषध देणाऱ्या गावाला गाडी निघते. यात अंधश्रद्धा आहेच. पण ‘मोठ्या रुग्णालयात आधी पैसे भरायला सांगतील’ ही भीतीही तितकीच असते, आणि ती भीती अनुभवातून आलेली असते.

मानसी, मानपाडा (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. मथळा आणि अभ्यास यांतला फरक आता लक्षात आला, आणि खाड्याचा मुद्दा तर हिशेबनीस असूनही माझ्या कधी मनात आला नव्हता. आता तिसऱ्या टप्प्याविषयी विचारते, कारण तो माझ्यासमोर घडतो आहे. यजमान घरी आले आहेत, उजवा हात चालत नाही, आणि ताईंनी त्यांची दोन घरची कामे सोडली आहेत. म्हणजे एका झटक्याने त्या घरातली दीड कमाई बंद झाली. अशा वेळी नेमके काय करता येते?

फिजिओथेरपिस्ट, ऐरोली

मानसीताई, हालचाल परत येण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो आणि सहा महिन्यांनंतर तो बराच मंदावतो. दुर्दैवाने याच काळात घरात पैसा नसतो. रोज फिजिओथेरपिस्टला घरी बोलावणे परवडणार नाही हे उघड आहे. पण आठवड्यातून एकदा सार्वजनिक रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम शिकून घेणे आणि बाकीचे दिवस ते घरी करणे शक्य असते. दुबळ्या बाजूचा खांदा ओढून उठवू नये, हे ताईंना आजच सांगा. पुढे महिनोन्‌महिने छळणारे खांद्याचे दुखणे पुष्कळदा या ओढाओढीतून सुरू होते. गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ पदार्थ बसवूनच आणि सावकाश पाजावेत. रक्तदाबाची गोळी मात्र आता कोणत्याही कारणाने थांबता कामा नये, कारण साधारण दर चार झटक्यांपैकी एक हा आधी झटका येऊन गेलेल्या माणसाला आलेला असतो.

पैशांविषयी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. 2023 च्या निर्णयानुसार तिचे संरक्षण कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची कुटुंबेही तिच्यात घेण्यात आली. परंतु डिस्चार्जनंतरची औषधे तिच्यातून दहा दिवसांपुरतीच मिळतात. पुढची वर्षानुवर्षांची गोळी, फिजिओथेरपी आणि सांभाळणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी यांतले काहीच तिच्यात येत नाही. डॉक्टरसाहेबांनी पहिल्या टप्प्याविषयी जे लिहिले, तेच शेवटच्या टप्प्यालाही लागू पडते: मोठ्या घटनेसाठी विमा आहे, रोजच्या खर्चासाठी नाही.

तुमच्या प्रसंगात आणखी एक वाट आहे आणि ती पुष्कळदा कोणी सांगत नाही. यजमान कारखान्यात ठेकेदारामार्फत होते आणि त्यांचा मासिक पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर ते राज्य कामगार विमा योजनेखाली (ईएसआय) असायला हवेत. या योजनेत पक्षाघाताने एक बाजू लुळी पडणे हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीच्या ठरलेल्या दिवसांची अट पूर्ण होत असेल, तर सुरुवातीचा आजारपणाचा लाभ संपल्यावर रोजच्या वेतनाच्या 80 टक्के इतकी रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षे मिळू शकते. शिवाय औषधे विम्याच्या दवाखान्यातून मिळतात. ठेकेदाराने वर्गणी भरलेली नसण्याची शक्यता असते, म्हणून आधी पगाराच्या चिठ्ठीवर 0.75 टक्क्यांची कपात दिसते का ते पाहा आणि ई-पेहचान कार्डावरचा विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात चौकशी करा. चिठ्ठीच दिली जात नसेल, तर बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी आणि कारखान्याच्या फाटकावरचा हजेरी पास घेऊन जा. मूळ मालकाच्या आवारात काम केलेल्या ठेका कामगाराच्या वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावरही येते. जाण्यापूर्वी डिस्चार्जच्या कागदावर ‘हेमिप्लेजिया’ (एक बाजू लुळी पडणे) हे निदान स्पष्टपणे लिहून घ्या, कारण यादीत तीच नोंद आहे आणि नुसते ‘अशक्तपणा’ असे लिहिले असेल तर अर्ज अडू शकतो.